धाप मंडळ, दुसरा मजला

दम लागणाऱ्या माणसांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. कारण आम्ही जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबतो. आता दम लागला म्हणून थांबलो, हे कबूल कोण करणार? मग मोबाईल बघायचा, चपलेचा अंगठा सारखा करायचा, नाहीतर शेजारी थांबलेल्याला विचारायचं, "मग, काय म्हणताय?" तोही त्याच कारणासाठी थांबलेला असतो. झाल्या गप्पा सुरू!

आमच्या मंडळाचं खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे. दर बुधवारी परळच्या एका हॉलमध्ये आमच्याकडून फुप्फुसांचे व्यायाम करून घेतात. आम्ही त्याला धाप मंडळ म्हणतो. मी परबबाई, लालबागची, लहानपणापासून दमा. अँटन अंकल गिरगावचे. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं आणि दोन गाण्यांच्या मध्ये सिगरेटी ओढल्या. कांबळेकाका वरळीच्या बीडीडी चाळीतले. मिलमध्ये कार्डिंग खात्यात होते, तिथली कापसाची धूळ अजून छातीत घेऊन फिरतात. आणि आम्हाला हाकणारी केतकी. फिजिओ आहे, वयाने आमच्या मुलींएवढी, आवाज हवालदाराचा.

हॉल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. पहिल्या दिवशी मी कशीबशी वर पोचले, खुर्चीत पडले आणि बोलता यायला लागल्यावर पहिलं हेच बोलले, की धापवाल्यांचा क्लास दुसऱ्या मजल्यावर ठेवायची अक्कल कुणाची?

केतकी म्हणाली, "वर आलात ना? झाली ॲडमिशन."

*

पहिल्याच बुधवारी तिने सांगितलं, आपापलं औषध काढा आणि रोज घेता तसं घेऊन दाखवा. अँटन अंकलनी पंप काढला, समोरच्या हवेत दोनदा फुस्स केलं आणि त्या ढगातून ऐटीत चालत गेले. कोलन वॉटर मारून पार्टीला निघाल्यासारखे! आम्ही पोट धरून हसलो. कांबळेकाका तर सगळ्यांत जास्त हसले.

मग काकांची पाळी आली. त्यांच्या औषधाच्या कॅप्सूल होत्या, त्या छोट्या यंत्रात घालून त्यातली पावडर ओढायची असते. काकांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, पाणी मागितलं आणि गिळून टाकली. सहा महिने असंच चाललेलं. वर डॉक्टरला शिव्या, की औषधाला गुण नाही! केतकीने विचारलं, काका, ते यंत्र कुठंय? काका म्हणाले, ते होय, ते नातवाने खेळायला घेतलं.

*

माझं काय सांगू! मला बघायला आले तेव्हा आईने पंप गादीखाली सारला आणि पोरीला जराशी सर्दी आहे म्हणून सांगितलं. लग्न होऊन लालबागला आले, तर घर मसाला गल्लीच्या तोंडाशी. एप्रिलमध्ये मिरच्या भाजायला लागल्या की आमच्या खिडकीतून आत येणारी हवासुद्धा खोकत यायची. दोन वर्षं मी मोरीत कडी लावून चोरून पंप मारला. नळ सोडायचा, म्हणजे आवाज जात नाही.

एकदा कडी लावायची राहिली आणि सासूबाई आत आल्या. माझ्या हातात पंप, तोंड उघडं. म्हटलं, आता गेले मी माहेरी. सासूबाईंनी मागे वळून दार लावलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझो खंय लपयतंस? माझो तांदळाच्या डब्यात असा."

*

अँटन अंकल पंप रोज घ्यायला तयार नव्हते. बरं वाटत असताना औषध कशाला, आणि एकदा घेतलं की सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. हे ते मला क्लास सुटल्यावर खाली फुटपाथवर पोटतिडकीने पटवून देत होते. मागून केतकी आली आणि विचारलं, "अंकल, हातात काय आहे?"

अंकलनी हाताकडे बघितलं. पेटवलेली सिगरेट होती, चाळीस वर्षांची जुनी सवय. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "परब मॅडमची आहे."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. पण त्या लाजेने म्हणा, नाहीतर केतकीच्या धाकाने म्हणा, त्यांची सिगरेट सुटली ती सुटलीच.

*

एका बुधवारी केतकीने प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला बरं होऊन करायचंय काय? मी म्हटलं, भाजीची पिशवी घेऊन न बसता घरी पोचायचंय. कांबळेकाका म्हणाले, पोरी, परबबाईंचा दमा पाहुणा आहे, येतो आणि जातो. माझा पागडीचा भाडेकरू आहे, तो काय रूम सोडत नाही. तो राहू दे. मला फक्त जयंतीला गायचंय.

तरुणपणी काकांची गायन पार्टी होती. भीमजयंतीला चाळीच्या मैदानात ते गायचे आणि शेवटी एक लांब सूर लावायचे. तो संपेपर्यंत माणूस बिडी पेटवून विझवून मोकळा व्हायचा म्हणे! आता चाळ पाडून टॉवर होणार. त्या मैदानातली ही शेवटची जयंती. काकांना तो सूर तिथे एकदा, शेवटचा, लावायचा होता.

कांबळेकाकींना हे कळलं आणि त्या थेट क्लासात आल्या. दोन मजले चढून आल्या, जरासुद्धा धाप नाही, त्यामुळे आम्हाला आणखीच भीती वाटली. म्हणाल्या, "मी ह्यांना दोनदा ऑक्सिजनवर बघितलंय. तिसऱ्यांदा बघायची ताकद नाही माझ्यात." एवढं बोलून त्या रडल्या. आम्हाला कुठे बघावं कळेना.

केतकीने समजावलं, गाणं वाईट नाही, उलट चांगला व्यायाम आहे. फक्त लांब सूर नको, तोडून तोडून गा. काका खाली मान घालून म्हणाले, "तोडायचाच तर लावायचा कशाला?"

*

जयंतीला आम्ही सगळे वरळीला गेलो. काकी पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तोंड वळवून. अँटन अंकलना नुसतं सुरुवातीला वाजवायला बोलावलं होतं. ट्रम्पेट पॉलिश करून आले होते, सूट घालून, त्या उकाड्यात!

गाणं बरं चाललं, अंकल आपलं वाजवून झाल्यावरही स्टेजवरच उभे होते. कोरसवाली पोरं प्रत्येक ओळ उचलायची, तेवढ्यात काका दम खायचे. मग ती जागा आली. मैदानातल्या जुन्या लोकांना ती माहीत होती, ते खुर्च्यांत पुढे सरकले. काकांनी डोळे मिटले आणि सूर लावला.

अर्ध्यावर तो बारीक व्हायला लागला. काकांच्या मानेच्या शिरा मला तिसऱ्या रांगेतून दिसत होत्या. केतकी अर्धी उठलीसुद्धा.

आणि ट्रम्पेट वाजलं. तोच सूर, त्याच उंचीवर, अँटन अंकलनी काकांच्या तोंडातून काढून घेतला. काका तोंड उघडं ठेवून उभे, आत हवा घेतायत. थोड्या वेळाने अंकलचे गाल बसायला लागले, डोळे बाहेर आले, तशी काकांनी त्यांच्याकडून सूर परत घेतला. मग पुन्हा अंकल, पुन्हा काका. दोघांत मिळून एका धडधाकट माणसाची फुप्फुसं नसतील, पण सूर कुठे तुटला नाही. लोकांना वाटलं जुगलबंदी आहे. सूर थांबला तशा शिट्ट्या, टाळ्या, पोरं खुर्च्यांवर चढली.

"वन्समोर! वन्समोर!"

स्टेजवरच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी इतकी घाबरलेली दोन माणसं आयुष्यात बघितली नाहीत.

काकी उठल्या. पदर खोचला, स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची उचलली आणि स्टेजवर चढल्या. मी केतकीला म्हटलं, आता ही बाई दोघांनाही बडवणार. काकींनी काकांच्या हातातला माईक काढून घेतला.

"वन्समोर मिळेल," काकी म्हणाल्या. "पंधरा मिनिटांनी. तोवर कुणी उठायचं नाही."

आणि दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसल्या.