अंगठ्याएवढं हिरवं

माझे पीएचडीचे मार्गदर्शक, आमचे सर, गेल्याचा निरोप माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. प्रताप नगरच्या शोकसभेत ‘सरांनी विद्यार्थी घडवले’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की चहा न घेताच निघाले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात... पण त्यांच्या मरणाने माझा राग कमी झालेला नाही.

माझे बाबा कळमन्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन चालवतात. तिथला गारवा अमोनियाचा, आणि गॅस गळला की जिवावर बेततं. म्हणूनच पीएचडीला मी वीज वाहून नेणारं प्लास्टिक घेतलं. अमोनिया लागला की ते हिरव्याचं निळं होतं. पण ते पापडासारखं तडकायचं, कशात विरघळायचं नाही. त्याच्या रेणूंच्या साखळीला मी बाजूने लांब, लवचीक फांद्या जोडल्या, तेव्हा कुठे ते रंगासारखं पट्टीवर बसलं. फांद्या वाढल्या की वीज कमी वाहते हे खरंच. पण मला वीज नको होती, रंग हवा होता. सरांनी पट्टी उचलली आणि नेहमीसारखा तिच्यावर अंगठा दाबला. हातमोजे त्यांनी जन्मात घातले नाहीत.

“चिकट होऊन राहिलं हे. लांब फांद्या नको म्हणलं होतं ना तुले? फेक.”

पुढे एका परिषदेत हेच काम त्यांनी ‘माझी कल्पना’ म्हणून मांडलं. मी तिथे खुर्च्या लावत होते. जाब विचारला, तर म्हणाले, “नाव कोणाचंही असो, विज्ञान पुढं जाते ना?” त्यांचं नाव असलं की विज्ञान नेहमीच पुढे जायचं.

पट्टी मी फेकली नाही. बाबांनी ती मशीनच्या खोलीत दाराला चिकटवली. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला.

“गॅस गळला होता पोरी. वासाची तर आम्हाले सवयच झाली, पण तुही पट्टी निळी झाली अन् सगळ्यांले बाहेर काढलं. मधात मात्र अंगठ्याएवढं हिरवंच राहून गेलं. काहून वं?”

“बोटाचं तेल बसलंय बाबा. तिथे गॅस पोचत नाही.”

बाबांना नवी पट्टी करून दिली, जुनी घरी आणली. मोकळ्या हवेत ती पुन्हा सगळी हिरवी झाली आहे, अंगठा कुठे होता ते ओळखूही येत नाही. पण तिच्याजवळ अमोनियाच्या बाटलीचं झाकण जरा सैल केलं, की आजूबाजूचं सगळं निळं होतं आणि सर तेवढे हिरवेच राहतात. मी ते अधूनमधून सैल करते.