शेखच्या हातातला कप

विनिफ्रेड टॅपस्कॉटला विनोदी सिनेमाचा मनापासून तिटकारा होता, आणि नऊ वर्षं तिच्या वाट्याला तेच आलं होतं. लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थमधल्या एका पत्र्याच्या स्टुडिओत ती कंटिन्युइटी सांभाळायची. टोपी कुठल्या हातात होती, मेणबत्ती किती जळली होती, मिशीचं टोक वर होतं की खाली, हे सगळं टिपून ठेवायचं. नाहीतर पडद्यावर माणूस डाव्या हातात छत्री घेऊन दारात शिरतो आणि आत पोचेपर्यंत छत्री उजव्या हातात. नऊ वर्षांत विनिफ्रेडच्या एकाही छत्रीने हात बदलला नव्हता. त्याचं कुणी कौतुक केलं नाही. असलं काही काम असतं हे लोकांना कळतं ते चूक झाल्यावरच.

छत्तीस साली वाळवंटाचा सिनेमा चालू होता. बेल्जियमला सुट्टीवर निघालेले दोन इंग्रज वाळवंटात जाऊन पोचतात आणि तिथेही भेटेल त्याला बोर्डिंग हाऊसचा पत्ता विचारतात, एवढीच गोष्ट. वाळू गवंड्याकडची, उंट सर्कशीतला. उंटाने पहिल्याच दिवशी तिच्या नोंदींचं एक पान चावून खाल्लं. तरी उंट परवडला, पण ऑब्री क्लेग नको, असं ती म्हणायची.

क्लेग म्हणजे त्या दोन प्रवाशांतला जाडा. लँकेशरचा गडी, समुद्रकिनाऱ्यावरच्या नाट्यगृहांत धडपडून पडण्यात उभी हयात गेलेला. एक गोष्ट दोनदा सारखी करायची नाही, असा जणू नवसच बोललेला.

"मिस्टर क्लेग, टोपी डाव्या हातात होती."

"बाई, लोक माझं तोंड बघायला येतात. हात बघायला कोण येतंय?"

हे रोज. पण या खेपेला विनिफ्रेड ओठ आवळून सगळं सोसत होती. मोठ्या स्टुडिओत ऐतिहासिक सिनेमे काढणारे मिस्टर हॅदरली यांनी निरोप धाडला होता: तुमचा हा सिनेमा मी पाहीन, त्यात एकही चूक सापडली नाही तर आमच्याकडची जागा तुमची. तिथे नट सांगितलेल्या डोळ्यातूनच रडतात, असं तिने ऐकलं होतं. तिला आयुष्यात आता दुसरं काही नको होतं.

तंबूचा प्रसंग शेवटच्या आठवड्यात आला. प्रवासी दोर तोडतात आणि शेखच्या डोक्यावर अख्खा तंबू कोसळतो. तंबू एकच, कापडही कुजकं, म्हणजे घ्यायचं ते एकदाच. सगळी तयारी झाली आणि चार वाजले. चारला चहाची गाडी आली की त्या स्टुडिओत राजा मरत असला तरी त्याला थांबावं लागे. विनिफ्रेड स्टुडिओच्या जाड मगातून चहा पीत नसे. तिचा घरचा कप होता, निळ्या फुलांचा, काठाला टवका उडालेला. तो हातात घेऊन ती तंबूत शिरली, क्लेगचा टाय पाहिला, सैल होता, दोन्ही हातांनी नीट केला. त्यासाठी कप शेखच्या पितळी तबकात ठेवला. तेवढ्यात घंटा झाली आणि सगळे आपापल्या जागी पळाले.

कॅमेरा सुरू झाला. शेख झालेला नट लंडनजवळच्या क्रॉयडनचा, सभ्य माणूस. एका हातात सुरा परजत तो गरजला, मग त्याला समोर चहा दिसला. गरम चहा समोर असताना कुठला इंग्रज तो निवू देईल? त्याने दुसऱ्या हाताने कप उचलला, करंगळी वर केली, एक घोट घेतला आणि तंबू कोसळला.

विनिफ्रेडला ते सगळं दिसत होतं. पण चालू कॅमेरा दिग्दर्शकाशिवाय कुणी थांबवायचा नाही, हा तिथला नियम, आणि नियम मोडणाऱ्यांतली ती नव्हती. तिने पेन्सिल चावली. संध्याकाळी नोंद टाइप केली: शेखच्या डाव्या हातात कप, निळी फुलं; चूक विनिफ्रेड टॅपस्कॉटची. कागद फायलीत गेला. तिच्या नोंदी कुणी वाचत नसे, हीही कुणी वाचली नाही.

दोन महिन्यांनी हॅदरली सिनेमा पाहायला आले. तासभर गंभीर चेहऱ्याने बसले. कप आला आणि ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दिवे लागल्यावर त्यांनी विचारलं, हा कप कुणाला सुचला?

"मला," मागच्या रांगेतून क्लेग म्हणाला. "टॅपस्कॉटबाईंनी सगळं मोजूनमापून बसवलं. विचारा त्यांना."

विनिफ्रेडने वळून पाहिलं. क्लेगने तो टवका उडालेला कप तिच्या हातात नऊ वर्षं पाहिला होता. तो श्रेय लाटत नव्हता, तिला वाचवत होता. आता तिने नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"तो माझा कप आहे," ती म्हणाली. "चहाच्या सुट्टीत विसरला. ती चूक आहे, आणि नोंदीत तसंच लिहिलंय."

हॅदरलींनी तिच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली आणि टोपी घालून निघून गेले. आठवड्याने पत्र आलं. जागा दुसऱ्या कुणाला दिली होती.

"एक 'हो' म्हणायला तुमच्या बापाचं काय जात होतं?" क्लेग तडकला.

"नोंद खोटी पडली असती."

"तुमची नोंद वाचतो कोण, बाई?"

"मी वाचते," ती म्हणाली. मग ती वॉटरलूची गाडी पकडायला निघाली.

सोमवारी पुढचा सिनेमा सुरू झाला. तेच दोघे प्रवासी, या खेपेला बर्फात. दाराबाहेरचा प्रसंग आधी झाला होता. आता क्लेग उजव्या हातात टोपी घेऊन आत आला, त्याला विनिफ्रेड दिसली आणि तो थबकला. मग कुणी काही न सांगता, मुकाट्याने, त्याने टोपी डाव्या हातात घेतली आणि शाबासकी मागणाऱ्या पोरासारखा तिच्याकडे बघत उभा राहिला.

विनिफ्रेडने डोळे मिटून घेतले. नऊ वर्षांत पहिल्यांदा माणूस ऐकायला तयार झाला होता.

"उजवा, मिस्टर क्लेग," ती म्हणाली. "उजव्याच हातात होती."