पातळ रसाचा डोंगर

वेल्ह्यात माझं बिऱ्हाड टिकलं ते एका बाईंमुळे. पुण्याहून दगडांचा अभ्यास करायला आल्या होत्या, माझ्याच खोलीत राहिल्या. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं सगळा संशयच आहे.

मी परभणीकडची. शाळा सातवीत सुटली. इथं रस्त्याकडेला एक खोली, पुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये माझी खानावळ. जागा गावातल्या आण्णांची, तेच माझे घरमालक. एवढ्या लांबच्या बाईला त्यांनी जागा दिली हेच मोठं, म्हणून मी सदा धास्तावलेली. आण्णा नुसते खाकरले तरी वाटायचं, आता खोली सोड म्हणतात की काय.

त्या बाई भोरमार्गे एसटीनं आल्या. पाठीवर पिशवी, हातात हातोडी. रोज डोंगराच्या कडेनं फिरायच्या, दगड फोडायच्या, त्यावर खडूनं आकडे घालायच्या आणि तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून आणायच्या. इकडं दगडावर आकडा पडला की मोजणी आली, मोजणी आली की जमीन गेली, हे पोरासोरांनाही माहीत. आण्णांच्या आजोळची शेतं तर भाटघर धरणाच्या पाण्याखाली गेलेली. त्यात बाईंना मोबाईलवर बोलताना कुणीतरी ऐकलं, "हा सगळा ज्वालामुखीचाच दगड." झालं.

संध्याकाळी आण्णा शेडमध्ये आले. बाई कोपऱ्यात जेवणाची वाट बघत बसल्या होत्या.

"कुठली एजंट आणून ठेवलीस गं?" आण्णा बोलले मला, पण ऐकवलं त्यांना. "ज्वालामुखी हाय म्हणून गावाला भ्या दाखवायचं, अन् जमिनी मातीमोल घ्यायच्या. व्हय ना? उद्या सकाळी ही बी जाईल, अन् तू बी."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. एवढ्या शिकलेल्या बाईला दगडात काय मिळत असेल?

बाई उठून चुलीपाशी आल्या. एका चुलीवर पिठलं, दुसरीवर आमटी. तेवढ्यात पिठल्याचा शिंतोडा फाटकन उडाला आणि माझ्या मनगटावर बसला.

"आमटी का नाही उडत अशी?" त्यांनी विचारलं.

आता हे काय मध्येच, मला कळेना. "पातळ आहे ना, वाफ सुटून जाते. पिठल्यात कोंडते."

"ज्वालामुखीचं तेच," त्या आण्णांकडं वळल्या. "जमिनीखालचा तापलेला रस दाट असला की त्यातले वायू आत कोंडतात. रस वर येईल तसे ते फुगत जातात, बाहेर पडायला वाट नसते. मग स्फोट होतो, रसाच्या ठिकऱ्या होऊन राख आभाळात जाते. तुमच्या डोंगराचा रस पातळ होता. भेगांमधून आला, वायू सोडत लांबवर पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. म्हणून या डोंगरांना पायऱ्या दिसतात." पिशवीतून त्यांनी एक भोकाभोकांचा दगड काढला. "ही भोकं त्या वायूच्या बुडबुड्यांची. कोट्यवधी वर्षं झाली त्याला. आता खाली काही शिजत नाही."

आण्णांनी दगड उलटापालटा केला, नाकाशी नेला. "म्हंजी आमचा डोंगर फुटायचा न्हाई?"

"नाही."

"लिहून देता?"

"देते की."

आण्णांनी दगड बाईंच्या हातात परत ठेवला. "एजंट आसती तर फुटनार म्हनली आसती," स्वतःशीच पुटपुटले.

दारातून काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, टोला हाणला, "मग भाव वाढवायला आली आसंल!"

जेवायला बसलेले सगळे हसले. आण्णा नाही हसले. "अन् आकडे कशापाई?"

"कुठला तुकडा कुठल्या थरातला, ते कळावं म्हणून."

"पुसून टाका. अन् वरल्या कड्याकडं जायचं न्हाई, आमची जमीन हाय तितं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू ऱ्हा. पन पाव्हणं ठेवताना इचारत जा."

सकाळी बाईंनी ओल्या फडक्यानं सगळे आकडे पुसले. वरच्या कड्यात दोन थरांच्या मधे तांबडी माती आहे, तीच त्यांना हवी होती, त्यासाठीच त्या आल्या होत्या. मी म्हटलं, आण्णांना पुन्हा विचारून बघा.

"नको. माझ्यापायी तुमचं बिऱ्हाड मोडायचं," म्हणाल्या. आकडे पुसल्यावर कुठला तुकडा कुठल्या थरातला ते कळणार नव्हतं, म्हणून तुकडे इथंच ठेवले आणि रिकाम्या पिशवीनं एसटीत बसल्या.

आण्णा अजून अधूनमधून तो कडा न्याहाळून येतात, कुणी आकडा घातला का बघायला. त्यांचा संशय फिटायला वेळ लागेल. फिटला की त्यांच्या परवानगीनं मी स्वतः कड्यावर चढणार, ती तांबडी माती काढणार आणि पुण्याला जाऊन बाईंच्या हातात देणार.