रिकाम्या काट्यावरचं वजन

हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात, जिथं कापसातून सरकी वेगळी करतात, डोमाजी वजनकाटा सांभाळायचे. कापसाची गाडी काट्यावर चढली की खिडकीतल्या कॉम्प्युटरवर आकडा उमटे, डोमाजी तो मोठ्यानं वाचत आणि पावती काढून देत. भावावरून लोक मालकाशी कडकडून भांडत, पण डोमाजींच्या मापावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं.

यंदा दिवाळीला कॉम्प्युटर नवीन आला. भर हंगामात तो बिनतक्रार चालला. हंगाम सरताना गाड्या तुरळक झाल्या, आणि एका सकाळी वडनेरच्या अण्णाजींचा ट्रॅक्टर काट्यावर येऊन थांबला. खिडकीला टेकून अण्णाजी मुलीच्या सोयरिकीचं सांगत बसले. गप्पा संपल्या, ट्रॅक्टर खाली उतरला. पडद्यावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

अण्णाजींनी रिकाम्या काट्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"डोमाजी, हे वजन कायचं आहे मंग?"

डोमाजींनी माउस हलवला. बाण हलेना. कळा दाबून पाहिल्या. काही नाही.

"आकडा आधीच भरून ठेवता का जी?" मागच्या गाडीवरून कोणी तरी ओरडलं. माणसं गोळा झाली.

अण्णाजी ओरडले नाहीत. "माह्या बापाचा भरोसा होता तुमच्यावर," एवढंच म्हणाले आणि कापूस न उतरवताच निघून गेले.

बटण दाबून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर सगळं ठीक. त्यामुळे तर डोमाजींवर कोणाचा विश्वासच बसेना.

मालकांनी वर्ध्याहून साकेत नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं रॅम बदलली, विंडोज नव्यानं टाकली. तरी आठवडाभरात पुन्हा तेच. "कोनी मुद्दाम करून राह्यलं का?" मालकांनी विचारलं आणि डोमाजींकडे पाहिलं. त्या नजरेनं डोमाजी मुळापासून हादरले. घरी बायकोनं, शकुबाईंनी, ताट वाढलं, पण घास तोंडाशी जाईना.

"काऊन जेवत नाई?"

"मले चोर समजून राह्यले लोक," ते म्हणाले. स्वतःच्याच तोंडचा तो शब्द ऐकून ते चपापले.

साकेत पुन्हा आला. या वेळी त्यानं कॉम्प्युटरला दमवणारा प्रोग्राम लावला. दुपारपर्यंत पंखा घरघरत होता, पण कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. प्रोग्राम थांबवून दोघं चहाला गेले. परत येऊन बघतात तर पडद्यावरचं घड्याळ थांबलेलं!

साकेत मटकन खुर्चीत बसला. "काका, हा कामात नाई, आरामात बंद पडून राह्यला!"

काम नसलं की वीज वाचवायला प्रोसेसर डुलकी घेतो, त्यानं समजावलं. हा इतका गाढ झोपत होता की त्याला जागच येत नव्हती. हंगामात गाड्यांच्या रांगेनं त्याला झोपूच दिलं नव्हतं. साकेतनं बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन ती गाढ झोपच बंद केली. मग मुद्दाम चार दिवस कॉम्प्युटर रिकामा ठेवला. तो अडकला नाही.

डोमाजी वडनेरला गेले. अण्णाजींनी सगळं ऐकून घेतलं.

"मशीन झोपते म्हन्ता?"

"मले बी खरं वाटलं नाई. तुम्ही दुसरीकडं वजन करा, मंग आमच्याकडं या."

अण्णाजी दुसरीकडं वजन करून आले. दोन्ही वजनं जुळली. "माफ करा भाऊ," ते हळूच म्हणाले.

डोमाजींनी मान डोलावली, पण त्यांना हसू आलं नाही. एवढ्या वर्षांचा भरोसा एका थांबलेल्या आकड्यानं तुटू शकतो, याचाच धक्का त्यांना अजून पचला नव्हता.