ट्रेसरकाकांची गल्ली

ट्रेसरकाकांना कुणी चित्रकार म्हटलं की ते लाजत, आणि लोक त्या लाजण्याला नम्रपणा समजून आणखी जोरात म्हणत. खरी गोष्ट अशी की, सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशांवर वाकून काढली, तरी काकांनी स्वतःची अशी एक रेघ कधी मारली नव्हती. साहेबांनी पेन्सिलीनं नकाशा काढायचा, काकांनी त्यावर ट्रेसिंगचा पारदर्शक कागद अंथरायचा आणि खालची रेघ वर शाईनं उतरवायची. खाली रेघ असली की त्यांचा हात असा चाले की साहेबही बघत उभे राहत. खाली रेघ नसली की तोच हात परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसे.

पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले, काका निवृत्त झाले, आणि थोड्याच दिवसांत काकू जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय काही पुन्हा जमिनीला टेकेनात. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकूंच्या खिडकीतून दिसायचं काय, तर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून उतरणारा सांडपाण्याचा पाइप. जिला गल्लीतल्या दारादाराची खडान्खडा माहिती, तिच्या वाट्याला दिवसभर पाइप!

"अहो, एक कराल?" काकू एकदा म्हणाल्या. "रोज खाली जाता, तर जे दिसेल ते कागदावर काढून आणा. मला आपली गल्ली बघायचीय. तुमचा तर हातच त्यातला."

"अगं, तोंडानं सांगतो की."

"तोंडानं तुम्ही काय सांगता? 'सगळं ठीक आहे.' लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय."

काकूंची धाकटी बहीण पुस्तकांच्या दुकानात कामाला होती. दुमडलेल्या, डाग पडलेल्या प्रती तिला घरी न्यायला मिळत. तिनं तीन पुस्तकं आणून काकांपुढे टाकली. तिन्ही चित्ररोजनिशीची. रोज एक पान, जे समोर दिसेल ते काढा, कप काढा, चप्पल काढा, आयुष्य सुंदर होईल, अशा मजकुराची.

"भावोजी, आता सबब नको. पुस्तकात म्हटलंय, चित्र सगळ्यांनाच येतं."

काकांनी पुस्तकं पहिल्या पानापासून, सरकारी परिपत्रक वाचावं तशी वाचली. 'कोरं पान तुमचा मित्र आहे,' असं एकात होतं. काकांनी कोरं पान समोर ठेवलं आणि बराच वेळ दोघे मित्र एकमेकांकडे बघत बसले. दुसऱ्यात होतं, 'चूक असं काही नसतंच.' हे वाचून त्यांना घामच फुटला. कचेरीत एक रेघ चुकली तर एखाद्याच्या स्वयंपाकघरातून ड्रेनेज जायचं! चुकलेली शाई ब्लेडनं खरवडायची, कागद फाटू न देता, ही तर त्यांच्या हुशारीची परमावधी.

तरी ते खाली गेले, लाँड्रीच्या पायरीवर बसले आणि गल्ली काढायला लागले. समोर टायरचं दुकान, त्यापुढे गाद्यांचं, मग बंद शटर, मग वायरींचं जंजाळ. पहिलीच रेघ वाकडी गेली. ती त्यांनी खरवडली. दुसरी खरवडली. कागदाला आरपार भोक पडलं आणि त्यातून टायरवाला दिसायला लागला. गल्लीचं म्हणाल तर तेवढंच काय ते हुबेहूब उतरलं.

काकू वर वाट बघत होत्या. मग काकांनी जन्मभर जे केलं तेच केलं. तिसऱ्या पुस्तकात कुठल्या तरी गावातल्या गल्लीचं चित्र होतं. त्यावर त्यांनी ट्रेसिंगचा कागद ठेवला. खाली रेघ दिसली आणि हात भुर्रकन सुटला.

"अय्या!" काकू उशीवरून उठायलाच निघाल्या. "हा बाक कधी बसवला?"

"मागच्याच महिन्यात."

"आणि ही मांजर कुणाची?"

"लाँड्रीवाल्याची," काका म्हणाले, आणि इथेच घात झाला.

पुस्तकात मांजर पानोपानी होती. कुठे खिडकीत, कुठे छत्रीखाली, कुठे पिलांसकट. काका उतरवत गेले आणि काकूंच्या गल्लीत कुंड्या आल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या छताचं पावाचं दुकान आलं, बाकावर छत्रीवाले आजोबा येऊन बसले. एका रेघेपायी दहा थापा. आजोबांचा मुलगा परदेशी असतो, हे काकांनी कधी सांगितलं ते त्यांनाही आठवेना; काकूंनी मात्र त्याच्या पत्राची चौकशी चालू ठेवली. त्यांचा चेहरा उजळला होता. जेवण जात होतं. बहीण म्हणाली, "भावोजी, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" काकांनी घाईघाईनं पुस्तकं कपाटावर, अगदी मागे सरकवली.

काकू आपल्या वाट्याचं अर्धा कप दूध मांजरीसाठी राखू लागल्या. "पिलं आहेत हो तिला," म्हणत कप काकांच्या हाती देत. काका तो घेऊन जिना उतरत आणि मधल्या वळणावर, भिंतीकडे तोंड करून, स्वतःच पिऊन टाकत. ओतून देववत नव्हतं. परत नेण्याची सोय नव्हती.

मग काकूंच्या छातीत कफ झाला. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात हलवा. गल्ली अरुंद, रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली, म्हणजे स्ट्रेचर सगळ्या गल्लीतून न्यावं लागणार. एवढ्या तापातही काकू म्हणाल्या, "चष्मा द्या हो माझा."

काकांची पाचावर धारण बसली. "ऊन आहे, डोळ्यांना त्रास होईल," म्हणून त्यांनी काकूंच्या तोंडावर टॉवेल धरला. काकूंनी तो बाजूला सारला. मान वळवून त्या एकेक दार बघत गेल्या. टायर. गाद्या. शटर. वायरी. लाँड्रीवाला इस्त्री टाकून धावत आला.

"काकू, किती दिवसांनी! लवकर बऱ्या होऊन या."

"पिलं कशी आहेत?"

"कुणाची पिलं?"

"मांजरीची. तुझ्या."

"माझ्याकडे कुठली मांजर, काकू? कपड्यांत केस गेले तर गिऱ्हाईक फाडून खाईल मला."

काकूंनी बाकाची जागा शोधली नाही. पावाच्या दुकानाची चौकशी केली नाही. रुग्णवाहिकेचं दार लागल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "दूध कोण पीत होतं?"

"मी," काका म्हणाले.

काकूंनी चष्मा काढून त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गल्लीत जाऊन लाँड्रीच्या पायरीवर बसले. ब्लेड घरी ठेवलं होतं. टायर वाकडे आले, गाद्या टायरांसारख्या आल्या, वायरींचा तर खराट्यासारखा काहीतरी प्रकार झाला. त्यांनी एकही रेघ खोडली नाही. लाँड्रीवाला वाकून म्हणाला, "काका, हा मी आहे? माझं पोट एवढं दिसतं?" म्हणजे ओळखू येत होतं. सबंध नोकरीत साहेबांनी शाबासकी दिली तेव्हाही काकांना एवढं बरं वाटलं नव्हतं.

दवाखान्यात काकूंनी चित्र दोन्ही हातांनी धरून बराच वेळ बघितलं.

"छान आहे. हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही गं. आपली गल्ली. मी काढलीय. हे बघ पोट, लाँड्रीवाला."

"हो का," काकू म्हणाल्या. लहान मुलाला म्हणावं तसं. आणि चित्र औषधांच्या बाटल्यांशेजारी उलटं ठेवलं.

काकू घरी आल्या. पुन्हा तीच खोली. काका रोज सकाळी खाली जातात, रोज एक पान काढतात. रेघ आता सुधारली आहे. गाद्या गाद्यांसारख्या दिसतात. मेहुणी म्हणते, भावोजी, आता पुस्तकात छापण्यासारखं होतंय. काकू प्रत्येक पान हातात घेतात, "बरंय" म्हणतात आणि परत देतात. हे काय, हा कोण, असं काही विचारत नाहीत. मग कुशीवर वळतात आणि पाइपाकडे बघत पडून राहतात.