नॉर्वेत न झालेली रात्र

माझ्या बायकोच्या मामेभावाने, म्हणजे ऑकलंडच्या हेन्डरसन भागात राहणाऱ्या सुधीरने, मला नॉर्वेत फसवलं. तो स्वतः नॉर्वेला आला नव्हता. घरी बसून फसवलं.

मी सहजासहजी फसणारा माणूस नाही. ऑकलंडला आलो तेव्हा दुसऱ्यांच्या गाड्या धूत होतो. आज पेनरोजला माझं स्वतःचं टायरचं दुकान आहे आणि ते मी निव्वळ घासाघीस करून उभं केलंय.

मंजूची, म्हणजे बायकोची, एकच इच्छा होती. लग्नाला पंचवीस वर्षं झाली की नॉर्वेच्या उत्तर टोकाला जायचं आणि आकाशातले ते हिरवे नॉर्दर्न लाइट्स बघायचे. इतक्या वर्षांत तिने दुसरं काही मागितलं नाही. (निदान मला ऐकू येईल असं नाही.) सुधीरचा सहलींचा धंदा. त्याला म्हटलं, ते दिवे हिवाळ्यात दिसतात, तेव्हा जूनचं बुकिंग कर.

तो घुटमळला. "दाजी, जून नको. डिसेंबरात जा."

डिसेंबरात आम्ही जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून बीचवर लोळत असतो, आणि हा मला भर उन्हाळ्यात दिवे दाखवायला निघाला! वीस वर्षं न्यूझीलंडमध्ये काढली की जून म्हणजे गारठा हे डोक्यात पक्कं बसतं. शिवाय त्याची डिसेंबरची सहल महाग होती, जूनची स्वस्त. डाव उघड होता. तो पृथ्वी, गोलार्ध असं काहीबाही समजावत राहिला. टायर विकताना मीही असंच काहीबाही समजावतो.

शेवटी मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की रात्री दिवे दिसले नाहीत, तर तो आम्हाला स्वतःच्या खर्चाने पुन्हा पाठवेल. वर रेनडिअरच्या घसरगाडीतून फेरी फुकट. तो चटकन हो म्हणाला. इतक्या चटकन हो म्हणणाऱ्याचा मला एरवी संशय येतो.

नॉर्वेत पहिल्या रात्री मंजू थर्मलवर स्वेटर, स्वेटरवर जाकीट चढवून हॉटेलच्या अंगणात आकाशाकडे तोंड करून बसली. समोर लख्ख सूर्य. जेवण झालं, सूर्य तिथेच. पेंगून झालं, सूर्य तिथेच. शेजारी एक आजोबा अर्ध्या चड्डीत झाडांना पाणी घालत होते. हा मावळतो कधी, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी नीट विचार केला आणि म्हणाले, जुलैच्या शेवटी.

मी तिथूनच सुधीरला फोन लावला. दिवे दिसले नाहीत, शब्द पाळ म्हटलं.

"रात्री दिसले नाहीत तर, असं ठरलं होतं ना दाजी? रात्र झाली का?"

मग काय, उरलेले दिवस बाकीची जगप्रसिद्ध ठिकाणं. फियोर्ड म्हणजे दोन डोंगर आणि मध्ये पाणी. ते आमच्या न्यूझीलंडच्या साउथ आयलंडला ढिगाने पडलंय. रंगीत लाकडी घरं बघायला बसगाड्या भरून लोक येतात. आम्ही गेली पंधरा वर्षं लाकडी घरातच राहतो, कुणी कुत्रं फोटो काढत नाही. रेनडिअरची घसरगाडी बर्फाअभावी गवतावर उभी होती. फुकट असल्यामुळे मी तरीही तिच्यात बसलो. रेनडिअर आला, माझ्याकडे बघितलं आणि चरायला निघून गेला.

मंजूने थर्मल, स्वेटर, जाकीट सगळं बॅगेत भरून टाकलं.

निघायच्या दिवशी आमच्या हिल्सबरोच्या घरून लेकीने एक फोटो पाठवला. "बाबा, सो कूल!" घरामागचा लाकडी डेक, पलीकडे खाडी आणि वर सगळं आकाश गुलाबी-हिरवं. तसलेच दिवे, दक्षिणेचे. ऑकलंडपर्यंत ते क्वचितच दिसतात; नेमके त्या रात्री दिसले. अख्खी गल्ली आमच्या डेकवर जमली होती. मधोमध माझ्या खुर्चीत सुधीर.

मंजूने फोटो मोठा करून पाहिला. मग शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही काहीच केलं नसतं ना, तरी मला दिसले असते."

तेव्हा आता मला जाब हवा आहे. सुधीर म्हणतो, मी खरं तेच सांगितलं होतं. तीच तर त्याची लबाडी! हा माणूस मला लग्नापासून ओळखतो. त्याने नुसतं 'दाजी, जूनच घ्या' म्हटलं असतं, तर मी भांडून डिसेंबर घेतला असता. घरच्या माणसासाठी एवढं साधं खोटं बोलायला त्याला काय झालं होतं, याचं उत्तर त्याने द्यावं.