चार पाईप आणि गच्चीवरचं तळं

मंडळी, सकाळपासून डोकं चालत नाहीये.

सक्करदऱ्यातल्या एका घराच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली नेणारे पाईप मीच ठरवून दिले होते. गच्ची मोजली, जोराचा पाऊस धरला, हिशोब केला आणि चार इंची चार पाईप सांगितले.

आज यंदाचा पहिलाच धो धो पाऊस झाला आणि घरच्या काकूंचा फोन आला. "इंजिनियर साहेब, जिन्यातून पाणी घरात येऊन राहिलं!"

गेलो तर गच्चीवर घोट्याएवढं पाणी. तिथंच भिजत मोबाईलवर पुन्हा हिशोब केला. उत्तर चारच पाईप! मग पाणी जात काहून नाही?

शेवटी कोपऱ्यात हात घातला, तर पाईपाच्या तोंडातून चिंध्यांचा बोळा निघाला. चारही कोपऱ्यांत तेच.

"काकू, हे कोणी कोंबलं?"

"मीच. उन्हाळ्यात तुम्हीच त सांगतलं होतं, पाईप बुजवून गच्चीवर पाणी साचवा, खोल्या थंड राहतीन. काढा म्हणून कधी सांगतलं?"

नव्हतंच सांगितलं.

चूक काकूंची, माझी की पाईपांची, अजून कळत नाहीये. पावसाला किती पाईप लागतात ते मला काढता येतं. माझे सल्ले वाहून न्यायला किती लागतात, कोणी सांगेल का?